चीक घरचा, लस सरकारी : प्रस्तावना

माणसाचं मूल जन्माला येतं तेव्हा आईच्या रक्तातली प्रतिपिंडं सोबत घेऊनच येतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून ती त्याच्याकडे पोचलेली असतात. गाईम्हशींत ही सोय नाही. त्यांच्या वारेची घडण अशी, की आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे अनेक थर राहतात. अन्नघटक पलीकडे जातात, प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू जात नाहीत. त्यामुळे वासराचं रक्त जन्मताना याबाबतीत जवळजवळ कोरं असतं. शेणामुतातले, आईच्या कासेवरचे, बाळंतपण करणाऱ्याच्या हातावरचे जे काही जंतू असतील, त्यांच्याशी पहिल्या मिनिटापासून गाठ पडते. स्वतःची प्रतिपिंडं तयार करण्याची यंत्रणा त्याच्या अंगात असते, पण ती कामाला लागून पुरेशी पडायला काही आठवडे जातात.

मधल्या काळाची तजवीज चिकात आहे. विण्याआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत गाय आपल्या रक्तातली प्रतिपिंडं, मुख्यतः आयजीजी या गटातली, कासेत उतरवू लागते. ती इतकी उतरवते की त्या दिवसांत तिच्या स्वतःच्या रक्तातलं त्यांचं प्रमाण खाली येतं. इकडे वासराच्या आतड्याचं अस्तर पहिले काही तास अखंड प्रथिनं थेट रक्तात जाऊ देतं. पोटातलं आम्ल अजून जोरात नसतं, आणि चिकातच पाचकरसाला आवर घालणारा एक घटक असतो, म्हणून ही प्रतिपिंडं न पचता पोचतात. ही मुभा मात्र तासागणिक कमी होत जाते. पहिल्या चार ते सहा तासांत जे शोषलं जातं ते नंतर तेवढं शोषलं जात नाही, आणि चोवीस तासांनी शोषण जवळपास थांबतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी तो अन्न म्हणून अंगी लागेल, आतड्याच्या आतल्या बाजूला थोडा पहारा देईल, पण रक्तात जाणार नाही.

हे पुस्तक याच तासांपासून सुरू होतं आणि वासरू साधारण सहा-आठ महिन्यांचं होईपर्यंतचा काळ पाहतं. विषयाची नावं तीन : चीक, लस, प्रतिकारशक्ती. आपल्याकडे या तीन गोष्टी वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात आहेत. लस पशुसंवर्धन खात्याची. ती मात्रांत येते, थंड पेटीत येते, कानातल्या बारा अंकी बिल्ल्याबरोबर नोंदवली जाते, तिचे तालुकावार आकडे निघतात. चीक घरचा. तो रात्री दोन वाजता, कंदिलाच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात, घरातल्या बाईच्या किंवा गड्याच्या हातून पाजला जातो किंवा राहून जातो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. किती जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली हे तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं तर लगेच कळतं. किती वासरांना पहिल्या चार तासांत चीक मिळाला, हा रकाना मी तरी कुठल्या नोंदवहीत पाहिलेला नाही. मोजणीतल्या या फरकामुळे या विषयाचा अर्धाच भाग आपल्या धोरणात शिरला, असं माझं मत आहे. पुस्तकाची निकड मला तिथे वाटते.

घरच्या बाजूला काय चालतं ते आधी पाहू. ‘वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही’ हा दंडक महाराष्ट्रात कोकणापासून मराठवाड्यापर्यंत सापडतो. त्यामागे काही विचार आहे. चीक जड, वासराला हगवण लागेल ही भीती असते, आणि वार अडकली तर गाय जाईल ही त्याहून मोठी काळजी असते. वार पडायला सुरळीत विलेल्या गाईतही कित्येक तास लागतात, कधी आठ, कधी बारा. म्हणजे वार पडेपर्यंत थांबणं म्हणजे नेमका कामाचा वेळ हातचा घालवणं. गंमत अशी, की वासरू आचळाला लागलं की गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन स्रवतं, पान्हा त्यानेच फुटतो, आणि गर्भाशयाच्या आकुंचनालाही तेच लागतं. वारेच्या काळजीपोटी वासराला दूर ठेवणाऱ्याने वारेच्या बाजूनेही काही कमावलेलं नसतं.

या दंडकाला हसणं सोपं आहे, पण आपल्या घरांत नवजात बाळालाही पहिले दोन-तीन दिवस मध चाटवायचं किंवा गुळाचं पाणी पाजायचं आणि आईचा चीक पिळून टाकायचा, ही रीत फार जुनी नाही. बाळांची ती हानी काही अंशी वारेतून आलेल्या प्रतिपिंडांनी भरून काढली. वासराला तो दुसरा आधार नाही. तीच चूक गोठ्यात केली की किंमत कितीतरी जास्त पडते.

दुसरी गोष्ट खरवसाची. या विषयावर लिहिणारे पशुवैद्य खरवसावर तुटून पडतात. मला ते अर्धवट पटतं. चीक तापवला की थिजतो, कारण त्यात दह्यादुधाच्या मानाने कितीतरी जास्त प्रथिनं असतात, आणि त्यांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचाच असतो. पहिल्या धारेच्या चिकात बाई भरपूर साधं दूध घालते तरी वडी बसते. दुसऱ्या दिवसाच्या चिकात दूध कमी घालावं लागतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बसतच नाही. म्हणजे खरवस करणारीला चिकाची ताकद उतरत जाते हे हाताने कळलेलं असतं, आणि तिला जो चीक सगळ्यांत चांगला वाटतो तोच वासराला हवा असतो. तंटा एवढाच आहे. होल्स्टिन संकरित गाय पहिल्या दिवशी वासराच्या पोटात मावेल त्याहून जास्त चीक देते. पहिलं दोहन वासराचं आणि उरलेलं घराचं, शेजाऱ्यांचं, असा व्यवहार ठेवला तर दोघांचंही भागतं. देशी गाय आणि पहिलारू कालवड यांच्या बाबतीत मात्र उरण्याची खात्री धरू नये. शहरातल्या मिठाईच्या दुकानाला चीक पुरवण्याची साखळी जिथे तयार झाली आहे, तिथे या व्यवहाराकडे अधिक कडक नजरेने पाहायला हवं, कारण तिथे पहिल्या दोहनाला रोख भाव मिळतो आणि वासराची बाजू मांडायला कुणी नसतं.

*

शास्त्राच्या बाजूने ही कथा दोन वाटांनी आली. एक वाट बाहेरून मिळणाऱ्या, तयार प्रतिकारशक्तीची. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की एका प्राण्याच्या रक्तातलं संरक्षण सीरमबरोबर दुसऱ्याला देता येतं. दोनच वर्षांनी पाउल एर्लिख याने उंदरांच्या पिल्लांची अदलाबदल करून पाहिली. विषाला सरावलेल्या मादीचं दूध दुसऱ्या मादीच्या पिल्लांना पाजलं तर त्यांनाही संरक्षण मिळतं, हे त्याच्या ध्यानात आलं. गाईच्या बाबतीतला निर्णायक प्रयोग १९२२ चा. प्रिन्स्टन इथल्या रॉकफेलर संस्थेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक दिला आणि काहींना दिला नाही. न दिलेल्यांतली बहुतेक थोड्याच दिवसांत मेली, आणि त्यांच्या अवयवांत आतड्यातले नेहमीचे ई. कोलाय जंतू पसरलेले सापडले. परका भयंकर रोग नव्हता, गोठ्यातला रोजचाच जंतू होता. याच स्मिथने १८९३ मध्ये किलबोर्नसोबत टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केलं होतं. गोचीड आणि चीक, लहान वासराच्या आयुष्यातल्या दोन मोठ्या गोष्टी, एकाच माणसाच्या हातून उलगडल्या. याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचित एकत्र येतो, म्हणून इथे करून ठेवतो.

दुसरी वाट लशीची, आणि ती पुण्यातून जाते. १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुण्याच्या सायन्स कॉलेजात सुरू झाली. गर्दीच्या शहरात असले जंतू हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची बरेलीजवळची इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. तिचं पहिलं मोठं लक्ष्य होतं बुळकांडी. शतक बदलण्याच्या सुमारास तिथे बुळकांडीविरुद्धचं सीरम तयार होऊ लागलं, म्हणजे पहिल्या वाटेचीच युक्ती. १९२० च्या दशकात एडवर्ड्सने विषाणू शेळ्यांतून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि टिकाऊ लस मिळाली. पुढे केनियात प्लॉराइटने पेशीसंवर्धनावरची अधिक सुरक्षित लस तयार केली. भारतात १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला, आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. आज पन्नाशीच्या आतल्या बहुतेक शेतकऱ्यांनी बुळकांडी पाहिलेली नाही. यशाचा तोटा असा की लशीची किंमत कळायला लागते ती भीतीही त्याबरोबर गेली.

बुळकांडीने आपल्या खात्याला एक सवय लावली. मोहीम काढायची, घरोघर जायचं, टोचायचं, नोंदायचं. लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्या नियंत्रणाचा २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम त्याच सवयीवर उभा आहे. लाळ्या-खुरकुताच्या लशीत आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार असतात. तिचं संरक्षण थोडेच महिने टिकतं म्हणून ती सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. गर्भपाताची एस-१९ लस मात्र कालवडीला आयुष्यात एकदाच, चार ते आठ महिन्यांच्या वयात द्यायची. या लशीचा जंतू १९२३ मध्ये बक या अमेरिकन संशोधकाच्या प्रयोगशाळेत वर्षभर खोलीच्या तापमानाला पडून राहिला आणि त्यात आपोआप सौम्य झाला. तरीही तो जिवंत आहे, आणि टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाच आजारी पाडू शकतो. हातमोजे न घालता ही लस टोचणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हातमोजे न पुरवणारी कार्यालयंही.

*

या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बहुतेक गोंधळ होतो, आणि म्हणून नवख्या वाचकाने इथे थोडा वेळ थांबावं. साप चावल्यावर दवाखान्यात देतात ते इंजेक्शन लोक सर्रास ‘सापाची लस’ म्हणतात, पण ती लस नाही. घोड्याच्या रक्तात तयार झालेली ती आयती प्रतिपिंडं. ती लगेच काम करतात आणि काही दिवसांनी संपतात. शरीर त्यातून काही शिकत नाही. चीक या जातीचा आहे. लस दुसऱ्या जातीची : ती संरक्षण देत नाही, ते तयार करायला शिकवते, आणि त्याला वेळ लागतो.

आता अडचण अशी. आईकडून आलेली प्रतिपिंडं वासराच्या रक्तात असेपर्यंत टोचलेली बरीचशी लस तीच निकामी करतात. प्रतिपिंडं साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात, पुढे त्याची निम्मी. ती रोग अडवायला अपुरी, पण लस बिघडवायला पुरेशी, असा एक काळ येतो. त्या काळात वासरू ना आईच्या छत्राखाली असतं, ना स्वतःच्या. लाळ्या-खुरकुताची पहिली मात्रा चौथ्या महिन्याला आणि महिन्याभराने पुन्हा, घटसर्प व फऱ्या सहा महिन्यांनंतर आणि पावसाळ्याआधी, संकरित वासरांना गोचीडतापाची लस तीन महिन्यांपुढे, ही वयं कुणी लहरीने ठरवलेली नाहीत, या उतारावर बेतलेली आहेत. मात्र प्रत्येक वासराचा उतार वेगळा. भरपूर चीक प्यालेल्याचा सावकाश, न प्यालेल्याचा सुरूच होत नाही. चीक न मिळालेल्या वासराला लस लवकर लागू पडेल, हे तर्काने खरं, पण तोवर ते जगलेलं असायला हवं.

म्हणून शहाणी लसीकरण योजना वासरापासून नव्हे, गाभण गाईपासून सुरू होते. शेवटच्या दोन महिन्यांत गाय आटवली का, तिला पोटभर खुराक मिळाला का, त्या काळात तिला कोणती लस टोचली, यावर चिकाची प्रत ठरते. गाईला ज्या रोगाची ओळखच नाही त्याची प्रतिपिंडं तिच्या चिकात नसतात. बाजारातून शेवटच्या आठवड्यात आणलेली गाय आपल्या गोठ्यातल्या जंतूंबद्दल वासराला काय देणार? परदेशांत रोटा, कोरोना विषाणू आणि ई. कोलायच्या एका प्रकाराची एकत्रित लस गाईला विण्याआधी टोचतात, ती तिच्यासाठी नाही, तिच्या चिकासाठी. जाता जाता : वासराच्या हगवणीत रोटा विषाणू नेब्रास्कातल्या चार्ल्स मेबस यांनी १९६९ मध्ये ओळखला, माणसांच्या मुलांतला त्यानंतर चार वर्षांनी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बाळांना पाजायची रोटासिल लस गाईच्या रोटा विषाणूच्या आधारावरच बेतलेली आहे. वासराच्या हगवणीचा अभ्यास आपल्या अंगणवाडीपर्यंत असा येऊन पोचला आहे.

चीक हा अमृत वगैरे आहे असं म्हणणाऱ्यांना पुस्तकातलं एक पान आवडणार नाही. म्हशीच्या पारडांना होणारा मोठा गोलकृमी चिकातून आणि सुरुवातीच्या दुधातूनच येतो. त्याच्या अळ्या म्हशीच्या अंगात दबा धरून असतात आणि व्याल्यावर कासेत उतरतात. यावर उपाय चीक थांबवणं हा नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंतनाशक पाजणं हा आहे.

*

मतभेद या क्षेत्रात भरपूर आहेत आणि ते केवळ तांत्रिक नाहीत. एक जुना संप्रदाय वासराला आईला पिऊ देणारा. देशी गाय आणि म्हैस वासराशिवाय पान्हवत नाही, म्हणून आपल्याकडे तो मुळातला. दुसरा, लष्करी डेऱ्या आणि कृषी महाविद्यालयांतून आलेला, जन्मताच वासरू वेगळं करून बाटलीने किंवा बादलीने मोजून पाजणारा. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पिऊ दिलेल्या, बाटलीने पाजलेल्या आणि नळीने पोटात चीक सोडलेल्या वासरांची तुलना झाली. रक्तात पुरेशी प्रतिपिंडं न पोचण्याचं प्रमाण सर्वांत जास्त पिऊ दिलेल्यांतच निघालं. कारण साधं आहे. मोठ्या लोंबत्या कासेची होल्स्टिन, उभं राहायला धडपडणारं वासरू, आणि ‘प्यालं असेल’ अशी आपली समजूत. खिल्लारीच्या आटोपशीर कासेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, हे पुस्तकाच्या लेखकांनी म्हटलं आहे ते मला महत्त्वाचं वाटतं. युरोपात तर आता उलट वारं आहे, वासरू काही आठवडे आईजवळ ठेवण्याच्या पद्धतींवर तिथे संशोधन चाललं आहे. आपल्या खिल्लार-डांगीवाल्याने त्याची बातमी ऐकली तर तो चहा पिता पिता हसेल.

दुसरा वाद किती पाजायचं याचा. पहिल्या खेपेला वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, यावर आता फारसा वाद नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राउन स्विस कालवडींच्या एका अभ्यासात जन्मतःच चार लिटर मिळालेल्यांनी दोन लिटरवाल्यांपेक्षा पुढे दूधही जास्त दिलं. वाद आहे तो नंतरच्या दुधाचा. जुनं सूत्र वजनाच्या दहा टक्के दूध, नवं त्याच्या दुपटीजवळ जाणारं. डेरीला घातलेल्या लिटरचा भाव माहीत असलेल्या माणसाला हा वाद शास्त्राचा वाटत नाही, पोटाचा वाटतो.

तिसरा गट म्हणतो, देशी जनावराला लस-बिस नको, घरचे उपाय पुरेत. घरच्या उपायांचा मी शत्रू नाही, हगवणीत काहींचा उपयोग होतो. पण हगवण लागलेलं वासरू मरतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने माणसं वाचवली, तेच तत्त्व इथे लागू आहे. आणि त्याबरोबर दूध चालू ठेवायचं, तोडायचं नाही. याउलट पहिल्याच दिवशी अँटिबायोटिकची गोळी कोंबण्याची सवय दुसऱ्या टोकाची. कोलिस्टिन हे औषध जनावरांत वापरायला सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती उगाच नव्हे. चिकाचं काम औषधाच्या दुकानातून करून घेण्याचा खर्च शेवटी माणसांच्या दवाखान्यात फेडावा लागतो.

हा विषय आजच का महत्त्वाचा, याचं एक उत्तर गोठ्यातल्या जनावरांत आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात संकरित व विदेशी गोवंश पाच कोटींवर गेला. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला संकरित पैदाशीचं काम करणारी बाएफ ही संस्था सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्र या बदलात पुढे आहे. संकरित गाय चीक जास्त देते, पण तो बहुधा पातळ असतो. वासरू मोठं, गोचीडतापाला हळवं. जुन्या गोठ्याचे नियम तिला पुरत नाहीत. दुसरं उत्तर लम्पीचं. २०२२ च्या साथीत लहान वासरांचे हाल गावोगाव पाहिले. शेळ्यांच्या देवीची लस हाताशी होती, पण अगदी लहान वासरांना ती द्यायची नव्हती, आणि ज्यांच्या आयांना रोगाची ओळख नव्हती त्यांना चिकातूनही काही मिळालं नव्हतं. तिसरं उत्तर अवघड आहे : गोऱ्हे आणि रेडकं. शेत ट्रॅक्टरने नांगरलं जातं, २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे, आणि संकरित गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही. रेडकू पान्ह्यापुरतं जगवलं जातं. अशा वासराचा चीक राहून जातो तो बहुतेकदा अज्ञानाने नाही. ही गोष्ट सगळे जाणतात, कुणी लिहीत नाही. या पुस्तकानेही तिला दोनच परिच्छेद दिले आहेत, ही माझी तक्रार आहे.

*

पुस्तकाची मांडणी रोगवार नाही, वयवार आहे. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती सुरुवातीला अडचणीची वाटेल, पण गोठ्यात समोर ‘रोग’ नसतो, पाच दिवसांचं नाहीतर पाच आठवड्यांचं वासरू असतं. पहिल्या चार-पाच दिवसांतली हगवण आणि तिसऱ्या आठवड्यातली हगवण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मांडणीतून आपसूक कळतं. म्हशीला गाईइतकीच जागा दिली आहे, मराठीत हे क्वचित घडतं. मोठ्या व्यापारी डेऱ्यांसाठी हे पुस्तक नाही, दोन ते पंधरा जनावरांच्या घरासाठी आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या आपल्या डॉक्टरांकडून घ्याव्यात. खरवसाच्या बाबतीत लेखक माझ्यापेक्षा कडक आहेत. तो वाद वाचकाने आपापल्या स्वयंपाकघरात सोडवावा.

मला स्वतःला सर्वांत आवडला तो मोजणीचा भाग. चिकात लिटरमागे पन्नास ग्रॅम आयजीजी असेल तर तो चांगला, असं मानतात. हे प्रयोगशाळेत न जाता कसं कळावं? रंगावरून आणि दाटपणावरून फसगत होते. इथे नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांचं आणि उसवाल्यांचं एक साधन कामाला येतं. गोडी तपासायला ते जे ब्रिक्स मीटर वापरतात त्यावरच चिकाचा थेंब टाकायचा. बावीस किंवा वर आलं तर पहिल्या खेपेला हाच पाजायचा. खाली आलं तर जास्त पाजायचा, किंवा आधीच्या गाईचा गोठवून ठेवलेला चीक काढायचा, आणि तो कोमट पाण्यातच वितळवायचा, कढत नाही, नाहीतर खरवस होईल. काढायला उशीर केला तरी अंक उतरतो : व्याल्यावर सहा तासांनी काढलेल्या चिकात सुमारे सहावा हिस्सा आणि चौदा तासांनी तिसरा हिस्सा आयजीजी कमी भरतं, असं मोजमाप झालेलं आहे. दोन दिवसांनी डॉक्टरांनी वासराचं थोडं रक्त घेऊन वरचं सीरम त्याच मीटरवर पाहिलं तर पाजलेलं पोचलं का तेही समजतं. साडेआठच्या खाली आलं तर ते वासरू पुढचे दोन महिने नजरेआड करायचं नाही. साडेनऊच्या आसपास किंवा वर आलं तर उत्तम.

ज्या गावात द्राक्षाच्या हंगामात घरटी असं मीटर खिशात फिरतं, त्याच गावात ते गोठ्यात का नेलं जात नाही, हा प्रश्न मी काही दूध संस्थांच्या सभांत विचारून पाहिला. ‘ते बागेचं आहे’ असं उत्तर मिळालं. संस्थेच्या संकलन केंद्रावर फॅट-एसएनएफच्या यंत्राशेजारी एक मीटर ठेवायला किती खर्च येतो, हे सचिवांनी एकदा हिशेबाला घ्यावं. व्यालेल्या गाईचा चीक पहाटे आणणाऱ्याला रांगेत उभं करू नये, आणि आलेला अंक त्याच्या दुधाच्या कार्डावर, वासराच्या बिल्ल्याच्या क्रमांकासमोर लिहून द्यावा. लशीच्या तारखा पुढे त्याच ओळीत येतील.